देवक आडवं आलं त्याची हकिकत

तीर्थस्वरूप भाऊ यांस,

औंढ्याहून धाकट्या सविताचा दंडवत. पोस्टातून पायांवर जेवढं डोकं ठेवता येतं तेवढं ठेवलंय, बाकीचं समक्ष. तुमच्या गुडघ्याला उतार आहे का? (चालायला सांगितलंय म्हणून वहिनी तुम्हाला देहूरोड स्टेशनचा जिना रोज चढायला लावतात असं कळलं. गुडघा तुमचा आहे, त्यांचा नाही, एवढंच म्हणते.) इकडे सगळं क्षेम. भात चांगलं झालं, म्हैस व्यायली, आणि मानसीचं लग्न ठरता ठरता अडलं. फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन कायम स्पीकरवर असतो आणि मधूनच वहिनींचं मत येतं. मला काही मागायचं नाही, नुसती हकिकत कळवायची आहे.

मानसी लोणावळ्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते हे तुम्हाला ठाऊक आहेच. यंदा दहावीचा उत्क्रांतीचा धडा तिच्या वाट्याला आला. तिनं भलामोठा तक्ता काढला: खाली एकच बुंधा, त्याला फांद्या फुटत फुटत एकीकडे झाडं-वेली, दुसरीकडे मासे, पाखरं, माकडं, आणि एका टोकाला आपण. शाळेत न्यायच्या आधी तालीम म्हणून तो पडवीत टांगला, आणि वर्गात बसलं कोण, तर आमचे मामंजी, कोंडाजी आबा. (शनिवारी मारुतीला तेल घातल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारे.) माकडापाशी आलं की आबा काठी उचलणार असं वाटून आमचे हे तर आधीच गोठ्यात जाऊन बसले. पण आबा वाल सोलत शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि म्हणाले, "आगं, ह्ये तर आमच्या आज्यानंच सांगितलंय. आमी कळंबाची लेकरं. आमचं देवक काय उगंच हाय व्हय?" आता ते खोटंही नाही. आमच्या घरात कळंबाची काटकी कधी चुलीत जात नाही आणि लग्नाच्या मांडवाला पहिली फांदी त्याचीच लागते. शिवाय मारुतीचं आणि आपलं नातं शाळेच्या पुस्तकात निघालं म्हणून त्या शनिवारी तेल अंमळ जास्तच पडलं.

मग सत्यमच्या घरी बैठक झाली. मुलगा कार्ल्याचा, रेल्वेत सिग्नलच्या कामाला, आणि खरं सांगायचं तर पसंती दोघांनी आधीच करून ठेवलेली. आम्ही नुसते पोहे खायला गेलो होतो. सगळं जमत आलं आणि त्याच्या चुलत्यानं विचारलं, तुमचं देवक कोणतं? आबा म्हणाले कळंब. ते म्हणाले, "आमचं बी कळंबच." झालं. एका देवकाची माणसं म्हणजे भाऊ-बहीण. आबांनी बशी खाली ठेवली आणि टोपी सारखी करून उठले.

तेव्हा तुमची भाची गप्प बसेल तर ती आपल्या घरची कसली. ती उभी राहिली आणि भर बैठकीत म्हणाली, आबा, मूळपुरुष एक म्हणून लग्न मोडायचं, तर सगळ्या जिवांचा मूळपुरुष एकच आहे, मग इथं बसलेली सगळी जोडपी भाऊ-बहीणच. तिला दाखवायचं होतं की ही अट किती पोकळ आहे. (आम्ही बायकांनी नुसते पदर सावरले.) पण आबांना ते पटलं, आणि भलतीकडूनच पटलं. घरी येताना गाडीत म्हणाले, "पोरगी खरं बोलती. लय मोठी चूक झालीया समद्यांची."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सासूबाईंना "अंबूताई" म्हणायला सुरुवात केली. सासूबाईंनी चहा बंद केला. आमच्या ह्यांना बोलावून आबा म्हणाले, तुझं बी चुकलंच, पर आता काय विलाज न्हाई. तुम्हाला माहीत आहे, अर्धं गाव सोयरीक करण्याआधी आबांचा शब्द घेतं. दोन घरची माणसं पेढे घेऊन आली आणि पेढे तसेच घेऊन परत गेली. गावात मानसीच्या नावानं बोटं मोडायला लागले लोक.

शेवटी आबा, चहाविना कासावीस होऊन, कार्ले फाट्यावर राजमहंमद चाचांच्या चिक्कीच्या दुकानी गेले. दोघांची जुनी दोस्ती. सगळं ऐकून चाचा म्हणाले, "कोंडाजी, आमच्यात तर समदे एका आदमचेच. पयल्या पिढीला भाऊ-बहिणीबिगर दुसरं हुतं कोण? तवा सवलत हुती. न्हाईतर तू न् मी हितं चिक्की खात बसलो असतो व्हय?" आबांना सवलत हा शब्द फार आवडला. घरी आले, सासूबाईंना पूर्वपदावर बसवलं, आणि जाहीर केलं की लांबचं नातं असेल तर देव काणाडोळा करतो. पेढे परत आले. सगळा गाव मोकळा झाला. फक्त आमचं तेवढं राहिलं, कारण कळंब आणि कळंब म्हणजे लांबचं नातं नव्हे.

भाऊ, आमची मानसी रडणाऱ्यातली नाही, रडवणाऱ्यातली आहे. त्या दिवशी तिनं तक्ता गुंडाळून कपाटावर टाकला आणि मागच्या दारी जाऊन रडली. मला ते बघवलं नाही. आबांनाही बघवलं नाही. तिच्यावर त्यांचा जीव आमच्यापेक्षा जास्त. ताटावर बसायचे आणि तसेच उठायचे. एकीकडे देवक, एकीकडे नात, म्हातारा दोन्हीकडून मेला.

असो. बाकी सर्व ठीक, काळजी नसावी. वहिनींना नमस्कार, दोन्ही भाच्यांना पोटभर आशीर्वाद.

तुमची
सविता

ता. क. आबांनीच एक वाट काढली आहे. पूर्वी असा पेच पडला की मुलगी मामाच्या मांडीवर देत, म्हणजे तिचं कूळ आणि देवक मामाचं होई. आपलं देवक मोरवेल. तेव्हा कन्यादानाला तुम्ही आणि वहिनींनी बसायचं आहे. दर भाऊबीजेला तुम्ही म्हणता ना, दोन पोरगे झाले पण कन्यादानाचं पुण्य काही नशिबात नाही. घ्या, माझी लेक घ्या. ती माझीच राहील, पण मांडवात तुमची म्हणून उभी राहील, आणि मला त्याचं वाईट नाही, बरंच वाटतंय.

ता. क. मानसीच्या मते हा सगळा खुळेपणा आहे. पण सत्यमसाठी मामाच्याच काय, दगडाच्याही मांडीवर बसेन म्हणते.

ता. क. आबा शेजारी बसून पत्र वाचून घेताहेत. आत्ताच त्यांनी मानसीला विचारलं, "मोरवेल अन् कळंब, ह्यांचं नातं किती लांबचं गं?" तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि सासूबाईंनी त्यात लाडू कोंबला. (ह्यापुढचं त्यांना वाचून दाखवणार नाही.) हळद उतरेपर्यंत तुम्हीही तिला हे विचारू नका. मला तिनं ते चुलीपाशी सांगितलंय, आणि आबांना ते सोसायचं नाही.