पारा वर आलेला तारा

तीर्थरूप बाबांना इथूनच वाकून नमस्कार,

मी मजेत आहे. खोली उबदार आहे, दोन्ही वेळा नीट जेवते. आईला म्हणावं, काळजी नको.

तुम्ही विचारलंत, दिवसभर करतेस काय? ताऱ्यांचा अतिनील प्रकाश हवेत अडतो, म्हणून दुर्बीण अंतराळात सोडली आहे. तिने पाठवलेला प्रकाश मी तपासते. आणि बाबा, एका ताऱ्यात चक्क पारा सापडला! सर नाक मुरडून म्हणाले, "दुर्बिणीतल्या तपासणीच्या दिव्यात पारा असतो, त्याचाच उजेड शिरला असेल." पण मी थर्मामीटरच्या कारखान्यातल्या कारागिराची मुलगी. 'पाऱ्यावर खापर फोडण्याआधी काच बघ', हे तुमचंच. महिनाभर काच बघितली, म्हणजे दुर्बीणच तपासली. ती स्वच्छ निघाली. पारा ताऱ्याचाच होता.

असं फक्त शांत ताऱ्यांत होतं. आत ढवळाढवळ नसली की जड पारासुद्धा हळूहळू वर येऊन साचतो.

तुमच्या पत्रातलं अक्षर थरथरलेलं वाटलं. आधी म्हटलं, पेन खराब असेल. मग वर्षभरातली चारही पत्रं ओळीने मांडली. थरथर प्रत्येक पत्रात वाढत गेली आहे. एकतीस वर्षं पारा भरलात, हे डॉक्टरांना सांगितलंत का? कप धरता येतो ना?

आई फोनवर खुशीत म्हणाली, "हल्ली चिडत नाहीत गं, अगदी शांत झालेत." फोन ठेवला आणि त्या शांत ताऱ्याची नोंद पुन्हा उघडली.

उत्तर आईकडून लिहून घेऊ नका. दोनच ओळी, पण तुमच्या हातच्या पाठवा.

तुमची,
धाकटी