अकरा बोर्डांवरचा गोंद

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार, आणि तो दुरूनच घे, कारण मला सध्या जिथे बसवलं आहे तिथे वाकायलाही वाव नाही. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला कमी झाला का? डॉक्टरांनी सांगितलेला चष्मा तू अजून केला नसशील, म्हणून अक्षर मोठं काढतो आहे. इकडे तुझी भावजय खुशाल आहे. मीही खुशाल असतो, जर तुझ्या चिरंजीवाने, म्हणजे माझ्या सख्ख्या भाच्याने, परवा सकाळी मला बोर्ड निवडायच्या टेबलावरून उठवून मागच्या खोलीत तारा सोलायला बसवलं नसतं. तू विचारशील, की टेबलावरची जागा परत हवी म्हणून लिहितोस का? मुळीच नाही. जागेचं मला काही नाही. मला न्याय हवा आहे. (न्याय मिळाला तर जागा त्यात आपोआप येते, हा भाग वेगळा.)

तीन महिन्यांपूर्वी मला त्याच्या भंगाराच्या गोदामात धाडायची कल्पना तुझीच होती हे विसरू नकोस. तुझ्या भावजयीने ती उचलून धरली. चाळीस वर्षं मी चौकाचौकांत भाषणं केली, तोवर तिची काही तक्रार नव्हती, पण सभा संपल्या, लोक बोलवेनासे झाले आणि तीच भाषणं स्वयंपाकघरात सुरू झाली, तेव्हा ती म्हणाली की, "एक तर मला ऐकायचा पगार द्या, नाही तर बाहेर कुठे जाऊन बोला." म्हणून गेलो. पोटासाठी नाही, घरातल्या शांततेसाठी.

काम मला आवडलं, हे मी शत्रूसमोरही कबूल करीन. लोकांनी टाकून दिलेले टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन येतात. टेबलाच्या त्या बाजूला स्क्रूवाल्या बाई बसतात. (नाव वेगळं आहे, पण कानामागे पेन्सिल खोचावी तसा त्या स्क्रू-ड्रायव्हर खोचतात, म्हणून सगळं गोदाम त्यांना हेच म्हणतं.) त्या यंत्राचं पोट उघडतात, आतला सर्किटचा बोर्ड उपसतात आणि माझ्याकडे सरकवतात. मी त्यावरचा गोल सेल काढायचा, ॲल्युमिनियमची कंगव्यासारखी पट्टी वेगळी करायची, आणि मग बोर्ड निवडायचा: तपकिरी एका टबात, हिरवा दुसऱ्यात, आणि ज्याच्या कडेला सोनेरी दात असतील तो झाकणाच्या डब्यात. तपकिरीला भाव कमी, हिरव्याला जास्त, सोनेरी दातवाल्याला सर्वांत जास्त. आता तूच सांग, हे ऐकून कोणत्या विचारी माणसाचं रक्त उसळणार नाही? टीव्हीतला तपकिरी बोर्ड वीस वर्षं विजेचा भार अंगावर घेतो, तापतो, फुगतो, शेवटी जळतो. इंटरनेटच्या डबीतला हिरवा बोर्ड काय करतो? इकडचा निरोप तिकडे. आणि मान कुणाला, तर निरोप्याला. हे मी टेबलावर बोललो. तुझा चिरंजीव म्हणाला, "मामा, अगदी खरं आहे. पण तो तपकिरी हिरव्यांत टाकलाय तो काढा आधी. एक जरी सापडला तरी चुंबकवाला अख्खा टब तपकिरीच्या भावात नेईल." मी काढला. नोंद घे, ताई. तत्त्व बाजूला ठेवून काढला. म्हणजे मी ऐकत नाही हा आरोप तिथेच कोसळतो.

हा चुंबकवाला म्हणजे आमचं घाऊक गिऱ्हाईक. गळ्यात दोरीने चुंबक बांधून येतो आणि प्रत्येक वस्तूला लावून बघतो (मलाही एकदा लावलाच असता, मी मागे सरकलो). सगळ्या गोष्टीचं मूळ तो आहे. वॉशिंग मशीनचा बोर्ड इतरांसारखा उघडा नसतो. तो प्लास्टिकच्या तबकडीत बसवून वरून काचेसारखा गोंद ओतलेला असतो, पाण्याचा थेंब शिरू नये म्हणून. साहजिकच वजन वाढतं. त्या दिवशी चुंबकवाल्याने असा एक बोर्ड हातावर तोलला आणि म्हणाला, "हा माल नाही, हा गोंद आहे. गोंद विकायला बसलात का, मामा?" चार माणसांसमोर म्हणाला. ज्या माणसाने आयुष्यभर ढोंगावरची सालं काढली, त्याला हा बोर्डाच्या नावाखाली गोंद विकणारा म्हणतो. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. (तुझ्या भावजयीचाही नाही, कारण मी तिला कारणं सांगत होतो.)

दुसऱ्या दिवशी मी कपाटाखालची फळी बघितली. तिथे वॉशिंग मशीनचे अकरा बोर्ड ओळीने ठेवलेले होते, सगळे गोंदात बुडालेले, प्रत्येकावर खडूने बरोबरची खूण. मी गरम हवेचा झोत मारणारं यंत्र घेतलं, बोथट सुरी घेतली आणि खरवडायला बसलो. चार दिवस लागले, ताई. तो गोंद म्हणजे ढोंगी माणसाच्या सबबींसारखा, वरून मऊ लागतो आणि आत पोचाल तसा चिवट होत जातो. हात चालू, तोंड चालू. सत्य उघडं का असावं यावर इतकं अस्खलित मी कुठल्याही चौकात बोललो नव्हतो. स्क्रूवाल्या बाईंनी मध्येच विचारलं, "मामा, हे करायला कुणी सांगितलंय का?" मी म्हटलं, सदसद्विवेकबुद्धीने. त्या म्हणाल्या, "मग तिलाच बोलवा हं मालक आले की." बाईंची जीभ स्क्रू-ड्रायव्हरपेक्षा बारीक टोकाची आहे, पण कान चांगले आहेत.

आणि मग आला दुरुस्तीवाला. हा मनुष्य महिन्यातून एकदा येतो, त्याच्या दुकानात लोकांची यंत्रं दुरुस्त होतात, आणि चालू अवस्थेतले बोर्ड तो नगावर नेतो, वजनावर नव्हे. म्हणजे एका बोर्डाला चुंबकवाला अख्ख्या टबाचं देईल तेवढं. फळीवरचे ते अकरा त्याच्यासाठी राखलेले होते. खडूची खूण म्हणजे 'हा तपासला, चालू आहे'. हे मला कुणी सांगितलं होतं का? (सांगितलं होतं असं तुझा चिरंजीव म्हणतो, पहिल्याच आठवड्यात. त्या वेळी मी बोलत असल्यामुळे ऐकू आलं नसावं.) बरोबरची खूण म्हणजे बरोबर, एवढंच मला ठाऊक. आणि बरोबर गोष्ट आणखी बरोबर केली तर तो गुन्हा कसा?

दुरुस्तीवाल्याने एक बोर्ड उचलला. उजेडात धरला. ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला उत्तर देण्यात माझी हयात गेली आहे. तो हळू आवाजात म्हणाला, "मामा, हा गोंद म्हणजे याची कातडी होती. आता पहिल्या ओल्या कपड्याला हा मरेल." मग नखाने एक जागा दाखवली. तिथे तिळाएवढे तीन भाग असायला हवे होते, ते गोंदाबरोबर माझ्या सुरीने गेले होते. "आणि हा तर मेलाच आहे." अकरापैकी एकही त्याने घेतला नाही. टीव्हीचे चार घेऊन गेला. मी त्याच्यामागे दारापर्यंत जाऊन सत्य आणि आवरण यांच्या संबंधावर थोडं बोललो, पण त्याचा टेम्पो चालू होता.

तुझ्या चिरंजीवाने मला एक शब्द सुनावला नाही. हा त्याचा सर्वांत मोठा अपराध. ते अकरा बोर्ड त्याने स्वतः उचलून हिरव्याच्या टबात ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा माझी खुर्ची, उशीसकट, मागच्या खोलीत तारांच्या ढिगापाशी होती. खटला नाही, साक्ष नाही, बचावाचं भाषण नाही. अगं, चोरालासुद्धा विचारतात. समोर दोन हातांवर भिंत आहे. हजारांच्या सभेपुढे उभा राहिलेला माणूस भिंतीपुढे बसून तांब्याच्या तारेवरचं प्लास्टिक सोलतो आहे. काल त्या भिंतीला उद्देशून थोडं बोललो. काही सभांच्या अध्यक्षांपेक्षा ती लक्ष देऊन ऐकते, पण ती काही विचारत नाही. तू आई आहेस, त्याला न्यायाची चाड तूच शिकवली पाहिजेस. माझ्यासाठी नाही, त्याच्या भल्यासाठी.

भावोजींना नमस्कार. त्यांना हे पत्र वाचायला देऊ नकोस, ते हसतील आणि खोकला वाढेल.

तुझाच, अन्यायाने पाठीमागे बसवलेला,
धाकटा

ता. क. : जागेचं मला काही नाही असं वर लिहिलं आहे. ते तितकंसं खरं नाही. टेबलावर मी बोलता बोलता बोर्ड पारखायला थांबलो की स्क्रूवाल्या बाई मान खाली घालूनच विचारायच्या, "मग पुढे काय?" घरी हे मला पंधरा वर्षांत कुणी विचारलेलं नाही.

दुसरा ता. क. : तुझ्याशी खोटं बोलणं जमत नाही. बोर्ड अकरा नव्हते, चौदा होते. शेवटचे तीन माझ्या टेबलाखाली राहिले होते, ते मी दुरुस्तीवाला येऊन गेल्यावर, त्याच संध्याकाळी खरवडले. हातात घेतलेलं तत्त्व अर्ध्यावर टाकवत नाही.

तिसरा ता. क. : पाकीट चिकटवतच होतो, तर तुझा चिरंजीव आत आला. म्हणतो, बाई दोन दिवस विचारतायत, मामांची ती गोष्ट अर्धी राहिली आहे, त्यांना आणा. सोमवारपासून टेबलावर या. पण सुरी मिळणार नाही, फळीला हात लावायचा नाही, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोलायचं नाही. मी त्याला ताडकन सांगितलं की, अटी घालून मिळालेला न्याय हा न्याय नव्हे, आणि मी भिंतीपाशीच मरेन. आता मला उलटं फिरता येत नाही. तेव्हा तू असं कर. मला एक खरमरीत पत्र लिही, की मी तुझी थोरली बहीण आहे, माझी आज्ञा आहे, मुकाट्याने टेबलावर जाऊन बस. चांगलं झोंबेल असं लिही, आणि ते माझ्या नावे पण गोदामाच्या पत्त्यावर पाठव, म्हणजे तो आधी वाचेल. सोमवारच्या आत पोचलं पाहिजे.