गफ्फारभाईच्या उजव्या हाताबाबत

मी, शेषराव नारायण पातुरकर, वय बावन्न, विद्युत अभियांत्रिकीचा प्राध्यापक, राहणार अमरावती, प्रथम नोंदवतो की शेजारच्या केशवराव गद्र्यांनी अठ्ठावन्न साली माझी छत्री नेली आणि दहा पावसाळे माझ्यादेखत वापरली. हे सालासकट आठवते, यावरून माझी बुद्धी शाबूत असल्याचे मानावे. सदर छत्री त्यांनाच देतो. हृदयाची हमी डॉक्टर देत नाहीत, म्हणून पुढील व्यवस्था.

राहते घर पत्नी इंदूबाई हिचे.

पातूरला संस्कृतची शब्दरूपे घोकलेल्या पोराने वीज एकाच दिशेने वाहवणाऱ्या पाऱ्याच्या रेक्टिफायरवर ग्रंथ लिहिला, याचे गावाला फार कौतुक. तो ग्रंथ व सुवर्णपदक कॉलेजला द्यावे. प्रयोगशाळेत माझी तसबीर मात्र लावू नये.

कारण असे. वीज तोडली तरी ती साठवणाऱ्या कंडेन्सरच्या पेटीत भार उरतो. तो उतरवायला तांब्याच्या टोकाची दांडी पेटीच्या मागल्या अंगाला लावून ठेवायची; एरवी ती समोरच्या खुंटीवर टांगलेली. खुंटी रिकामी दिसली की दांडी लावलेली आहे असे समजावे, ही पद्धत माझीच. एकसष्टच्या मार्चात परिचर अब्दुल गफ्फार यांनी रिकामी खुंटी पाहून हात घातला. उजवा हात कायमचा गेला, मागोमाग नोकरी. चौकशीत मी लिहून दिले, 'परिचराने दांडी लावली नाही.' अक्षर न अक्षर खरे. दांडी माझ्याकडे वर्गात होती, फळ्यावरच्या आकृत्या दाखवायला, एवढे लिहायचे टाळले.

आता ते अकोल्यास भावाच्या सायकलच्या दुकानात बसतात. सांगायचेच असे ठरवून मी तीनदा गेलो.

"उन्हाचे काहून आले सर? निरोप धाडाचा होता."

"हात कसा आहे, गफ्फारभाई?"

"हाताचं काय घेऊन बसले! चूक तं माहीच होती. मागून पाहाले पायजे होतं मी."

तिन्ही वेळा चहा पिऊन परतीची मोटार धरली.

शेंदूरजनाघाटची संत्र्याची बाग गफ्फारभाईंना द्यावी. सोबतचा माझ्या सहीचा कबुलीजबाब प्राचार्यांकडे द्यावा, आणि त्याची नक्कल इंदूने स्वतः अकोल्यास जाऊन त्यांना वाचून दाखवावी. इंदू विचारते, "तुमच्या तोंडाला काय झालं?" कलम तसेच ठेवतो आहे.

बाग ते घेतील, न घेतील. मला काळजी निराळीच आहे. सगळे ऐकून झाल्यावरही ते मान हलवून म्हणतील, चूक माहीच होती; आणि तेव्हा नाही म्हणायला मी नसेन.

हे मी वाचून, समजून, दोघांसमक्ष सही केली.

शेषराव नारायण पातुरकर

साक्षीदार :
१. उत्तमराव गणपत ठोसर
२. चंद्रभान सखाराम वानखडे

अमरावती, ११ ऑक्टोबर १९६७