टेकडीखालचे ठोके

आर्गॉन, १२ नोव्हेंबर १९१५

ती. एल्वीरताईस,
झेफिरचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र माझ्या तुकडीतला वार्तेल रजेवर येताना बुटात घालून आणतो आहे. साहेबांच्या नजरेखालून गेलेलं नाही, म्हणून खरं लिहितो. मोजे पोचले. एक लांब, एक आखूड. विणताना तुझं लक्ष कुणाकडे होतं?

वर खंदकांत काय चाललं आहे ते पेपरात येतं. आम्ही त्याच्याही खाली. टेकडी एकच, तिच्या पोटात जर्मन तिकडून बोगदा खणतात, आम्ही इकडून. ज्यांची सुरुंगाची दारू आधी पेटेल, त्यांचे लोक जगतात. माझं काम भिंतीला कान लावून बसायचं. त्यांच्या कुदळी चालू आहेत तोवर बरं. थांबल्या की समजायचं, दारू भरताहेत.

मंगळवारी थांबल्या. मी कळवलं आणि आम्ही आधी उडवलं. वर आपली दोनशे माणसं होती, ती वाचली. लेफ्टनंटसाहेबांनी मला स्वतःच्या बाटलीतली ब्रँडी पाजली.

मग भिंतीपलीकडून ठोके आले. तीन. थोडं थांबून पुन्हा तीन. खाणीतल्या माणसाला याचा अर्थ शिकवावा लागत नाही. मी साहेबांना म्हटलं, आत जिवंत आहेत, फार लांब नाहीत, खणू द्या. ते मूळचे शाळामास्तर, मनाने वाईट नाहीत. म्हणाले, तू तिकडे वाट केलीस की त्यांच्या बाकीच्यांना आपला बोगदा सापडेल; मग वरच्या दोनशेंना मी काय सांगू? त्यांचं चुकलं, असं मला अजून म्हणता येत नाही. मी कुदळ खाली ठेवली. उलट ठोकाही दिला नाही. बुधवारनंतर आवाज आला नाही.

बाबा खाणीत गाडले गेले होते तेव्हा त्यांना बाहेर काढणारे कोण होते, ते आपल्या अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. सीमेपलीकडून धावत आलेले खाणकामगार. म्हणजे हेच जर्मन. डिसेंबरात मला सहा दिवसांची रजा आहे. मी वार्तेलच्या मावशीकडे पॅरिसला राहीन. बाबांच्या समोर बसून मला घास गिळता येणार नाही. त्यांना सांग, गाड्या मिळत नाहीत.

राग आला तर येऊ दे, पण माया आटू देऊ नकोस. हे पत्र बाबांना वाचून दाखवू नकोस.

तुझा,
झेफिर


ब्रुए, २१ नोव्हेंबर

चि. झेफिर यास एल्वीरचे अ. उ. आ.

वाचून दाखवू नकोस, हे शेवटच्या ओळीत लिहितात का रे गाढवा? वार्तेल दारात उभा, बाबा कॉफीचा वाडगा घेऊन समोर, आणि मी नेहमीसारखी मोठ्याने वाचत सुटले. मोज्यांवर तर आम्ही तिघेही हसलो. ठोक्यांपाशी मी वाचायची थांबले. बाबा म्हणाले, पुढे वाच. मी चार ओळी गाळायला गेले, तर म्हणाले, मला वाचता येत नाही, पण पान केवढं आहे ते दिसतं. सगळं ऐकलं, टोपी घातली आणि बाहेर गेले.

तेव्हापासून कामावर जातात, येतात, मी कोळशाने माखलेली पाठ घासून देते. पण तुझं नाव काढत नाहीत. रागावलात का म्हणून विचारलं, तर म्हणाले, कॉफीत चिकोरी फार झाली आहे. त्यांच्या मनात काय आहे ते मला कळत नाही, आणि कळतं असं खोटंही लिहिणार नाही. दिवसभर कोळशातले दगड निवडते, डोक्यात हेच.

पॅरिसला जाऊन तू काय दिवे लावणार? बेत्यूनच्या जत्रेत हरवला होतास. एवढ्या मोठ्या शहरात तुला कोण शोधणार? मला तू इथे हवा आहेस.

तुझी वाट पाहणारी,
एल्वीर


ब्रुए, ५ डिसेंबर
(बाबा सांगतात, मी लिहिते. ए.)

चि. झेफिर यास फ्लोरिसचे आशीर्वाद.

काल आम्हां खाणवाल्यांच्या संत बार्बचा सण. खाण बंद होती. शेजारच्या कासिमीरबरोबर पत्ते खेळलो, दर रविवारी खेळतो तसेच.

मी गप्प होतो ते तुझ्यावर रागावून नव्हे. एक गोष्ट सांगावी की नाही, हे ठरत नव्हतं. एल्वीरही ती आत्ताच ऐकते आहे. तिचा हात थांबला, म्हणून ओरडावं लागलं.

खाणीत गाडले गेलो आणि आम्ही आत पाइपावर ठोकत होतो, तेव्हा वरच्या बोगद्यात एकाने ते ऐकलं होतं. आग पसरत होती. त्याला हुकूम झाला, इथे भिंत घाल, नाहीतर खाणीतले बाकीचे सगळे मरतील. त्याने भिंत घातली. आम्ही अकरा जण होतो. जर्मन दुसऱ्या बाजूने खणत आले, तेव्हा तिघे उरलो होतो.

भिंत घालणारा कासिमीर. त्याच्या बायकोने मरण्याआधी मला एकट्याला बोलावून सांगितलं. मला हे ठाऊक आहे, हे त्याला ठाऊक नाही. सुरुवातीला वाटलं, जाऊन गळा धरावा. मग लक्षात आलं, तो माझ्यापेक्षा चांगला खेळतो आणि दर रविवारी मुद्दाम हरतो. मी त्याला हरू देतो. इतक्या वर्षांत आम्हांला दुसरं काही जमलेलं नाही.

मी तुला माफ केलं, असं लिहिणार नाही. ते आतल्या माणसांनी करायचं, आणि ती राहिली नाहीत. पण जेवायला मी तुझ्यासमोर बसेन. पॅरिस नको. घरी ये.

तुझा बाप,
फ्लोरिस

ता. क. बाबांनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि गळा धरण्याचं खोडायला सांगितलं. मी खोडलेलं नाही. ए.


आर्गॉन, १४ डिसेंबर

ती. बाबांस,
झेफिरचा शि. सा. न. वि. वि.

२३ तारखेच्या गाडीने बेत्यूनला उतरतो आणि तिथून चालत येतो. ताईला म्हणावं, न्यायला येऊ नकोस, गळ्यातही पडू नकोस. अंगावर उवा आहेत. आधी कढत पाणी.

पत्र मिळालं. इथे पुन्हा भिंतीला कान लावून बसतो आहे. अजून कुदळी चालू आहेत.

कासिमीरकाकांना मी कळू देणार नाही. रविवारी मात्र मलाही पत्त्यांना घ्या. तुम्ही ताईला भिडू करा, मी काकांचा होईन. आम्ही दोघं हरू.

आहे तसा घरात घ्या, एवढीच विनंती.

आपला,
झेफिर