गच्चीवरची सहल

यम्मा, माझ्या आई,

तुला मी चपलांच्या दुकानात आहे असं कळवलंय. खरं म्हणजे मी कातडी रंगवतो. आज परदेशातून आपली बोली शिकायला आलेल्या पोरांची सहल आली. कातड्यांचा वास नको म्हणून नाकाशी पुदिना धरून ती कुंडांवरच्या गच्चीवरून बघत होती. मी मांडीभर रंगाच्या कुंडात, पळणार कुठे? एका पोरीने माझा फोटो काढला आणि आपल्याच बोलीत म्हणाली, "दादा, तुम्ही डोंगरातले ना? दुपारी आम्ही तिकडेच चाललोय, गालिचे बघायला." नाव तिने आपल्याच गावाचं घेतलं.

शेजारच्या कुंडातला बास्सू हसला. "सांग की शेठ, आईला तुझं दुकान दाखवतील."

"आई आहे तिकडे?" पोरगी म्हणाली. "मग तिचाच गालिचा घेते. फोटोही दाखवते."

मी म्हणालो, "आई वारली."

तुझ्या दारावरून त्यांची गाडी न थांबता गेली असेल.

तुझाच,
हद्दू