स्वयंपाकघरातून ऐकलेले सामने

प्रिय आबा,

सासऱ्याला 'प्रिय' लिहितात का, मला माहीत नाही. 'तीर्थरूप' लिहिणार होते, पण तो शब्द लिहिला की तुम्ही भिंतीवरच्या फोटोसारखे ताठ बसता. मला धोतर गुडघ्यावर घेऊन टीव्हीसमोर उकिडवे बसलेले आबा हवेत.

लिहायला बसले, कारण आज सकाळी मी फोनवर एक शब्द बोलून बसले आहे. तो बरोबर की चूक, हे विचारायला घरात कुणी नाही. हे शेळ्या घेऊन माळावर गेलेत. आणि उद्या आशूच्या संघाचा अंतिम सामना आहे! सकाळपासून कामात लक्ष नाही. पीठ मळलं, पण मीठ घातलं की नाही ते आठवेना, म्हणून चिमूटभर कच्चं पीठच तोंडात टाकून बघितलं.

तुम्हाला ठाऊक तरी आहे का, तुमची नात राज्याच्या कबड्डी संघात गेली ते? तुम्ही गेलात आणि मग निवड झाली. थोडं थांबायचं होतं ना, आबा! पत्र्यावर चढून साऱ्या गावाला ओरडून सांगितलं असतं तुम्ही. ह्यांनी नुसतं "बरं झालं" म्हटलं आणि शेळ्यांना पाला टाकायला गेले.

सासूबाई गेल्यावर तुम्हाला बोलायला कुणी उरलं नव्हतं. तुमचा मुलगा तर दिवसाला मोजून बोलणारा. मग तुम्ही टीव्ही लावायचात आणि मधल्या दारातून स्वयंपाकघरात, म्हणजे मलाच, सगळं सांगायचात. "मंगल, गेला गं गेला, पार बांधाच्या भाईर गेला चेंडू!" मी नवी होते, डोक्यावरचा पदर सावरत आतूनच "हो मामा" म्हणायची. मामांचे आबा कधी झालात, ते आता सांगता यायचं नाही. पण बाहेर येऊन मी कधी बसले नाही. सामने मी ऐकले, बघितले तुम्ही.

आणि काय काय बघायचात! एक खेळ सोडला नाहीत. क्रिकेट तुम्हाला आवडायचं, पण त्याला तुम्ही 'रिकाम्या माणसाचा खेळ' म्हणायचात. "ह्यात माणूस शेळीची धार काढून येतो, च्या पिऊन येतो, तवर तेवढेच गडी उभे हायेत. ओव्हर सरली की जाहिरात. बायामाणसाला लई सोयीचा." खरंच सोयीचा होता. भाकरी तव्यावर टाकून दारातून डोकावलं तरी काही चुकायचं नाही. आणि चुकलंच तर परत दाखवायचे. "बघ, मेला गडी परत मारायलेत," असं म्हणून तुम्ही हसायचात.

फुटबॉलचा तुम्हाला राग होता. आठवतं? पावसाळ्यातल्या त्या दुपारी तुम्ही कितीतरी वेळ डोळे लावून बसलात आणि कुणाचाच गोल होईना. शेवटी शेळी सुटली म्हणून तुम्ही बाहेर पळालात, तेवढ्यात झाला! परत येऊन बघता तर मैदानावर सगळे एकमेकांच्या अंगावर पडलेले. "कावून पडलेत बे हे?" तुम्ही टीव्हीलाच विचारलंत. त्या दिवशी शेळीला तुम्ही ज्या शिव्या दिल्या, त्या मी इथं लिहीत नाही.

हॉकीत तुम्हाला चेंडू दिसायचा नाही. मोतीबिंदू होता तो, पण तुम्ही दोष खेळाला दिलात. "चेंडूच न्हाई, उगाच काठ्या घेऊन पळायलेत." खो-खो तर तुम्ही स्वतः तरणेपणी खेळलेले, म्हणून टीव्हीवर लागला की आधी खूश व्हायचात आणि मग चिडायचात. पळणारी दाखवली की खो देणारी दिसत नाही, खो देणारी दाखवली की पळणारी निसटलेली. "ह्यो खेळ डोळ्याम्होरंच बघावा, डब्यात मावत न्हाई," हा तुमचा निकाल. व्हॉलीबॉल मात्र तुम्हाला भारी वाटायचा. पाटोद्याच्या बाजारात ओळखीच्या माणसाला थांबवून तुम्ही त्यावर वाद घालायचात म्हणे. सगळं जाळीच्या वर, सगळं एका नजरेत!

पण पहिला नंबर कबड्डीचा. त्यात वाद नव्हता. "पापणी लवली की गडी गेला. येक पोरगं आत जातं, सात जण त्याच्यावर टपलेले, आन त्यानं बोलत ऱ्हायाचं. ह्याच्यापरीस मोठा तमाशा कुठला?"

तेव्हा मीही आतून हसायची. मग आशू कबड्डीत गेली, आणि माझं हसू गेलं.

लेक आपली नसली की सात जण टपलेले बघायला गंमत वाटते, आबा. आपली असली की ते सात जण मोजवत नाहीत. ती शाळेच्या मैदानावर खेळायची, तेव्हा बघायला तुम्ही जायचात. मी घरी. परत आलात की आधी माझ्याकडे यायचात. "पोरगी धडधाकट हाय. दात सगळे हायेत. आता ऐक." आणि मग सगळी हकिकत. मला ते पुरत होतं. तुमचे डोळे होते ना!

गेल्या वर्षी आशू जिल्ह्याकडून खेळताना पहिल्यांदा टीव्हीवर दिसली, तो दिवस मात्र मी तुम्हाला माफ केलेला नाही. मी शेंगदाणे भाजत होते. तुम्ही जोरजोरात सांगत होतात, आणि मध्येच गप्प झालात. टीव्हीही गप्प झाला. मी विचारलं, "आबा, आवाज कावून बंद केला?"

"काय न्हाई. जाहिरात हाय."

"मग जाहिरातीचा आवाज?"

"लई कर्कश हाय ती. तू तुझे शेंगदाणे बघ."

शेंगदाणे करपले. मला कळलं ते शेजारच्या कौसाकाकूंकडून. "मंगल, पोरीचा गुडघा लई बेकार फिरला गं," असं म्हणतच त्या आत आल्या. तुम्ही खाली मान घालून धोतराचा काठ चाचपत बसलात. पुढे आशू घरी आली, तेव्हा तुम्ही आणि ती दोघं मिळून मला सांगत राहिलात, काही नाही, लचकलंय. ती कण्हायची तुमच्यापाशी आणि माझ्यासमोर हसायची. का, आबा? मी घाबरते म्हणून? मग न सांगितल्यानं मी घाबरायची थांबले का? उलट तेव्हापासून आशू फोनवर "मी मजेत हाय" म्हणाली की माझा विश्वासच बसत नाही. मजेत म्हणजे किती मजेत? कोण सांगणार?

काल उपांत्य सामना होता. गल्लीतले सगळे आपल्या घरात जमले. दिवस कलायला आला होता. मी चहा ठेवायचं निमित्त करून आत. म्हटलं, ऐकू येईलच. पण ऐकू काय येणार? सगळे एकदम ओरडत होते. कौसाकाकू "अगं बया" म्हणाल्या की ते चांगलं की वाईट, समजायला मार्ग नाही. मी दारातून ह्यांना विचारलं, "काय झालं?" ते टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "बघ की येऊन."

एवढंच. आणि मी गेले, आबा. चहा गॅसवर तसाच ठेवून गेले आणि खाली सतरंजीवर बसले. पदराचं टोक दातात धरलं होतं.

तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलेत सामने, पण एक कधी सांगितलं नाहीत. टीव्हीत चेहरा इतका जवळ दिसतो! आशूच्या ओठावर वाळलेली पापडी मला दिसली. ती मध्यरेषेपाशी वाकली, हात लांबवला, आणि मी बघितलं, ती वळते ती नेहमी डाव्या पायावर. उजवा नुसता टेकवते. बाकीचे गुण मोजत होते, मी पाय मोजत होते. तिचा एक हात लागला, सगळे उड्या मारायला लागले. मला आनंद व्हायला हवा होता ना? मला एवढंच दिसत होतं की पोरीचा उजवा पाय तिचा तिलाच भरवशाचा वाटत नाही.

मग ती परत चढाईला गेली. कोपऱ्यातल्या पोरीनं घोटा धरला, दोघीजणी वरून आल्या, आणि आशू खाली. वरच्या उठल्या. आशू उठली नाही.

आणि आबा, जाहिरात लागली! खरीच! एक बाई हसत हसत भांडी घासत होती. मी ह्यांचा हात धरला, सगळ्यांसमोर. लग्न झाल्यापासून चारचौघांत कधी धरला नव्हता. त्यांचा हात माझ्यापेक्षा गार होता. तेव्हा मला कळलं, हा माणूस बोलत नाही म्हणजे घाबरत नाही असं नाही.

जाहिरात संपली तर टीव्हीवाल्यांनी काय दाखवावं? तेच परत. हळू करून. गुडघा वाकतो, थांबतो, परत वाकतो. मग दुसऱ्या बाजूनं. क्रिकेटमध्ये तुम्ही ज्याला हसायचात ते हेच ना? कौसाकाकूंनी तोंड फिरवलं. मी फिरवलं नाही. मनाशी म्हटलं, आता सगळं बघायचं, काही सोडायचं नाही.

मग आशू दिसली, बाकावर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. संघ जिंकला. गल्लीनं पेढे वाटले, पोरं नाचली. चहा जळून पातेल्याचं बूड काळं झालं होतं. ते मी घासत बसले.

आज सकाळी तिचा फोन आला. आधी हसली. "आई, मी मजेत हाय."

मी म्हटलं, "आशू, मी बघितलं काल."

ती म्हणाली, "तू? तू बघितलंस?"

"हो. सतरंजीवर बसून."

"मग ऐक ना. सर म्हणले, पट्टी बांधून खेळता येईल, पण सक्ती न्हाई, तूच ठरव. फायनल हाय आई. टीव्हीवर सगळं राज्य बघणार. परत कधी येईल अशी वेळ? तू हो म्हण फक्त."

आबा, तुम्ही असता तर तिनं मला विचारलंच नसतं. तुम्ही दोघांनी ठरवलं असतं आणि मला सांगितलं असतं, जाहिरात हाय. आता उत्तर मलाच द्यायचं होतं. 'नको' तर ओठावरच होतं. पण ते माझ्या भीतीचं 'नको' होतं, ते पोरीच्या गळ्यात कसं बांधायचं? आणि 'हो' म्हणायला जीभ वळेना.

मग मी विचारलं, "पडायच्या आधीच तू उजवा पाय वाचवत होतीस. कधीपासनं?"

"पट्टी बांधली की काय होत न्हाई," ती घाईनं म्हणाली.

"आशू, मला सांगितलंस तर मी घाबरेन. घाबरू दे. पण खरं सांग."

"दुखतंय आई," ती म्हणाली. आणि मग रडतच, "लई दुखतंय. इथं आल्यापासनं दुखतंय. जिन्यानं उतरता येत न्हाई."

"मग बस उद्या बाकावर," मी म्हटलं. "खेळू नको."

तिनं फोन ठेवला. 'बरं' नाही, 'येते' नाही, काहीच नाही. तेव्हापासून मी ही अशी आहे. फोन वाजला की दचकते, नाही वाजला की उचलून बघते, बंद तर पडला नाही ना. पोरीच्या आयुष्यातली वेळ मी घालवली का, आबा? का पाय वाचवला? ह्यांना माळावर फोन केला, तर म्हणाले, "तू बघितलंस ना? मग बरोबरच असंल." इतकं लांब वाक्य ते कधी बोलत नाहीत. तरी मला धीर येईना. संघ हरला तर ती मला काय म्हणेल? आणि न खेळता जिंकला, तर स्वतःला काय म्हणेल?

हे लिहिता लिहिता आत्ता तिचा निरोप आला. लिहिलंय, "सरांना सांगितलं. माझ्या जागी दुसरी पोरगी उतरणार हाय. रुसलेय तुझ्यावर. तरी टीव्ही लाव. मी बाकावर दिसेन."

रुसली तरी खरं बोलली. एवढ्यावर आजचा दिवस काढीन. उद्याचा कसा निघेल, माहीत नाही. माझी पोरगी खेळणार नाही, तरी छातीतली धडधड कमी झालेली नाही. कारण आशूच्या जागी जी उतरणार, तिलाही आई असेलच. तीही कुठल्यातरी गावात दाराआड उभी राहून नुसत्या आरोळ्या ऐकत असेल आणि कुणाला तरी विचारत असेल, काय झालं म्हणून.

तुम्हाला शब्द देते, आबा. उद्या पहिल्या चढाईपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत मी टीव्हीसमोरून हलणार नाही. जाहिरातीतसुद्धा नाही. त्या अनोळखी बाईच्या पोरीवर मी नजर ठेवीन.

तुमची सून,
मंगल