धुरपताबाईचं सरपण

४ डिसेंबर २०२४

नाही म्हणजे नाही! दोनदा जाऊन आलो, धुरपताबाईनं चूल पेटवलेलीच नाही. चहा म्हणे शेजारच्या शांतम्माकडं पिला. पत्र्याची खोली, खाली शहाबादी फरशी, अंगात मेलेल्या नवऱ्याचा स्वेटर. बोटं निळी पडलीत. आणि खोलीच्या मागं, ताडपत्रीखाली, छातीएवढी लाकडाची रास!

"मग जाळा की मावशी," म्हटलं.

"ते माझं हाय. मेल्यावरचं."

हसावं का रडावं! निराधारचा पगार आला की थोडं लाकूड घ्यायचं आणि राशीवर टाकायचं, असं कित्येक वर्षं चाललंय म्हणे बाईचं. पोरगं हैदराबादला, तिकडचंच झालेलं. आपल्या मढ्याचा इंतजाम आपणच करायचा, कुणाच्या दारात जायचं नाही, हा हट्ट.

मी चिडलो. म्हटलं, मावशी, गावात माणूस मेलं की घरटी एक लाकूड येतंय, न मागता. रीत आहे आपली. माझा बाप गेला तेव्हा इतकं आलं की उरलं!

"तवा घरोघर चुली व्हत्या, व्यंकट," म्हणाली.

म्हातारीशी कोण वाद घालणार. एस.टी.च्या स्टिअरिंगवर उभी हयात गेली, पण असला आडमुठा प्रवासी भेटला नाही.

६ डिसेंबर

मुखेडला तहसिलीत जाऊन आलो. म्हटलं, गावातल्या निराधार म्हाताऱ्यांना थंडीसाठी सरकारचं काही आहे का बघू. एवढ्या योजना निघतात! एका टेबलावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या. तिथला पोरगा सज्जन होता, खुर्ची दिली. "काका, उन्हाळ्याचं विचारा. उष्माघाताचं सगळं असतंय. थंडीचं आपल्याकडं काही नसतंय."

नसतंय! आम्ही येताना दातावर दात आपटत आलो ते काय मग?

पुनम फोनवर म्हणाली, बाबा, मावशीला हीटर घेऊन द्या, मी लातूरहून पाठवते. तिच्या खोलीत मीटर नाही, हे लेकीला कसं ठाऊक असणार. दिवा शांतम्माकडून ओढलेल्या वायरीवर जळतो.

९ डिसेंबर

बांधावर दोन बाभळी होत्या. वाळलेली होती ती तोडली. दुसरी राहू दिली, बैलांना सावली आहे. पुतण्या भुजंगनं टेम्पो आणला. अर्धी लाकडं शांतम्माच्या दारात टाकली, अर्धी धुरपताबाईच्या. बजावून सांगितलं— ही शेकायची. मेल्यावरची नव्हेत. कळलं?

"हाव हाव," म्हणाली. गोड हसली.

१० डिसेंबर

माझी बाभूळ राशीवर! नीट रचलेली, वरून ताडपत्री, ताडपत्रीला दोरी. चूल थंडगार.

"लई चांगलं केलंस बाबा. मला फिकीर व्हती एवढ्यात भागतंय का न्हाई. बाभळीचा इस्तू टिकतोय. आता भागंल."

बाजूला शांतम्मा दारात ढणढण जाळ करून बसलेली. "ड्रायव्हरसाब, आम्ही लिंगायत. आम्हाला माती. मी कशाला राखून ठेवू? या, शेका," म्हणाली. धुरपताबाईला रोज बोलावते, म्हणे. ती चहापुरती जाते, पण शेकायला बसत नाही. दुसऱ्याचं लाकूड फुकट जाळायचं नाही! मानी बाई. या मानाचं लोणचं घालायचं का?

तिच्या पेटीत तीन नवी ब्लँकेटं निघाली. निवडणुकीच्या वेळची, फोटो काढून वाटलेली. घडी मोडलेली नाही. नातवंडांसाठी ठेवलीत. नातवंडांनी हे गाव पाहिलेलंही नाही.

१३ डिसेंबर

अयोध्याला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत ऐकत होती. मग म्हणाली, "लाकूड दिलं तर ती ठेवून देती ना? मग विस्तवच न्या. विस्तव काय पेटीत ठेवता येतोय?"

वा! चाळीस वर्षं संसार केला, बाईची अक्कल आज कळली. गॅस आहे आमच्याकडं, पण भाकरी आणि आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच, तिचा हट्ट. म्हणून तरी विस्तव आहे.

संध्याकाळी घमेल्यात राख, राखेवर निखारे, वरून परत राख. फडक्यानं धरून नेलं. धुरपताबाई आधी नको नको म्हणाली. मग म्हणाली, "आणलाच हायस, उगं इझून जाईल." आणि हात पसरले. डोळे मिटून बसली होती. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, निवृत्तीनंतर इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

१९ डिसेंबर

पारावरची टवाळ पोरं मला बघून डबल बेल देतात. "ड्रायव्हर काका, रूट परमनंट झाला का?" झाला म्हटलं! तुमच्या आज्या शेकल्या का बघा आधी घरी जाऊन.

३० डिसेंबर, येळवस

वेळ अमावास्येला सगळं गाव शेतात. आम्हीही गेलो. कडब्याच्या कोपीत पांडव पुजले, आंबील प्यायलो, भज्जी खाल्ली. परत येताना एक डबा धुरपताबाईसाठी. ती एकटीच, गावात चिटपाखरू नाही. आंबील बोटानं चाटून पुसून प्याली. पोरीसारखं तोंड झालं होतं.

अंधार पडताना शिवारात कडब्याचे पेटते हेंडगे फिरले. रानोरान जाळ. एवढा जाळ, आणि हिच्या दारात घमेलंभर विस्तव!

"किती दिस आणशील रं तू?"

"जिता हाय तवर आणतो."

"तूबी म्हाताराच हायस की," म्हणाली.

२ जानेवारी २०२५

पुनमचा फोन. लातूरला मोतीबिंदूची तारीख मिळाली, उद्याच या म्हणते. अयोध्या सोबत येणार, तिच्याशिवाय माझं पान हलत नाही, हे लेकीला माहीत आहे. भुजंगला बोलावून नीट सांगितलं— रोज संध्याकाळी मावशीला विस्तव न्यायचा. घमेलं हातात दिलं. "हाव काका, तुम्ही बिनघोर जावा."

५ जानेवारी, लातूर

डोळ्याला पट्टी. लिहू नका म्हणतात. थंडी फार. पुनमच्या फ्लॅटमध्ये दोन रजया. भुजंगला फोन केला. "चाललंय काका," म्हणाला.

८ जानेवारी

चाललंय म्हणे! काय चाललंय?

एस.टी.तून उतरलो आणि सरळ तिच्याकडं. घमेलं दाराशी पालथं. धुरपताबाई पेटीला टेकून बसलेली, आडवं पडलं की दम लागतो म्हणून. छातीतून घरघर ऐकू येत होती. शांतम्मानं स्वतःची वाकळ तिच्या अंगावर टाकलेली. शांतम्मा रडायलाच लागली. "निखारे आणू म्हटलं तर नको म्हणती. व्यंकट आणतंय म्हणती."

भुजंगच्या घरी गेलो. हात उचलणार होतो. तो खाली बघत म्हणाला, "काका, आमच्या घरी गॅस हाय. इस्तू कुठून आणू? पहिल्या दिवशी तुराट्या पेटवल्या, नेईस्तोवर राख झाली. दुसऱ्या दिवशी तुमच्या चुलीकडं गेलो तर घर कुलपात."

खरंच की! त्याच्या घरी चूल नाही. आमच्या सबंध आळीत पेटती चूल आमचीच. आणि ती चूल मी कुलपात घालून गेलो. घमेलं दिलं, विस्तव कुठून येणार याचा विचारच केला नाही. त्यानं फोनवर खरं सांगायला हवं होतं. मी विचारायला हवं होतं. गाढव आहोत दोघंही.

मुखेडहून डॉक्टर आणला. नांदेडला हलवा म्हणाला. ती म्हणाली, जागा सोडणार न्हाई. इथंच मरंन.

मी मागं गेलो, ताडपत्रीची दोरी सोडली, माझ्याच बाभळीचं एक लाकूड ओढलं. आत आणलं. तिनं बघितलं मात्र— अंगात त्राण नव्हतं तरी उठली, लाकडाला दोन्ही हातांनी धरलं. "न्हाई व्यंकट. पाया पडते. मला लोकांच्या दारात नको ठिवू." कुडकुडत रडली.

मी ठेवलं परत. का ठेवलं? हिसकावून पेटवायला हवं होतं. पण ते डोळे बघून हात चालेना. घरी पळालो, अयोध्यानं चूल पेटवली, विस्तव नेला. लातूरचे डॉक्टर म्हणाले होते धुरापासून लांब राहा. डोळा गेला खड्ड्यात. ती घमेल्यापाशी सरकली. पण हात पसरले नाहीत, मीच धरून पसरले.

१० जानेवारी

पहाटे गेली.

११ जानेवारी

लिहवत नाही, पण लिहून ठेवतो.

काल तिच्या पोराला हैदराबादला फोन केला. "मला यायला रात्र होईल. तुम्ही उरकून घ्या काका." बरं बाबा.

मग मी ठरवलं, तिच्या राशीला हात लावायचा नाही. घरटी एक लाकूड, गावाची रीत. तिला दाखवायचंच होतं मला! ती नाही बघायला, तरी. खांद्यावर टॉवेल टाकून आळीच्या पहिल्या घरापासून निघालो. पूर्वी मागावं लागत नव्हतं, हेही तेव्हा डोक्यात आलं नाही.

कुणी वाईट बोललं नाही. सगळ्यांना हळहळ. "लई गरीब बाई." "आमच्या आईच्या बरोबरीची." चहा घ्या म्हणाले. पण लाकूड कुणाकडं? शांतम्माचं जळून गेलेलं, आमच्याकडं चुलीपुरतंच. पऱ्हाटी यंदा कारखान्याचा ट्रक शेतातूनच भरून घेऊन गेला. तुराट्यांवर रोटाव्हेटर फिरवला. स्लॅबची घरं झाली, वासे गेले. एकानं मोडक्या पाळण्याचं लाकूड दिलं. एकीनं चार गोवऱ्या, त्याही होमासाठी ठेवलेल्या. दोघं म्हणाले, तिचं हाय ना काका सरपण? मग कशाला फिरायलाव?

खालच्या आळीपर्यंत जाऊन आलो. टॉवेलात चार गोवऱ्या, हातात पाळण्याची एक पट्टी. भुजंगनं ती माझ्या हातातून घेतली. "काका, चला. ऊन चढलंय."

राशीवरची ताडपत्री काढली. टेम्पोत भरलं. मसणवाट्यात रचलं. बरोबर पुरलं. ना कमी, ना जास्त. माझी बाभूळ नसती तर कमी पडलं असतं, तेही तिनं बरोबर सांगितलं होतं.

शेकायला आणलेली बाभूळ. छान पेटली. विस्तव टिकला फार वेळ. सगळे उठून गेले, मी बसून होतो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला गरम झालं, आणि मला माझीच लाज वाटली. तिला आडमुठी म्हणालो होतो ना मी? गावात खरं माहीत असलेली ती एकटीच होती.

१४ जानेवारी, संक्रांत

बांधावरची दुसरी बाभूळ तोडली. परड्यात भिंतीला लावून रचली. वर ताडपत्री टाकत होतो. अयोध्या दारात तीळ निवडत बसलेली, बघत राहिली.

मग म्हणाली, "ठेवायलात तर दोघांचं ठेवा."